कपाळावरचं टोक आणि बापाचा संशय: नायजेरियाच्या डेल्टा राज्यातलं एक प्रकरण

माणसं, गाव, शाळा ओळखू येणार नाहीत इतके तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

नायजेरियाच्या दक्षिणेला, नायजर नदीच्या मुखाशी डेल्टा राज्य आहे. तिथे वॉरी, उघेली, सपेले, अब्राका या पट्ट्यात उर्होबो समाज राहतो. पामतेल, कसावा, मासेमारी ही त्यांची जुनी कामं. तेलकंपन्या आल्यावर पाइपलाइन, वेल्डिंग, वाहतूक ही नवी कामं आली. हे कुटुंबही असंच. वडील 44 वर्षांचे, त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. आई 38 वर्षांची, बाजारात पामतेल आणि गारी विकते. गारी म्हणजे कसावा किसून, आंबवून, पिळून भाजलेला रवा. मुलं तीन: 16 वर्षांची मुलगी, 12 वर्षांचा मुलगा आणि 7 वर्षांचा धाकटा.

धाकट्याच्या कपाळावर मधोमध केसांचं टोक खाली उतरलेलं आहे. इंग्रजीत याला ‘विडोज पीक’ म्हणतात. तिकडे विधवा पूर्वी शोकाची टोपी घालत, तिचं टोक असंच कपाळावर यायचं, त्यावरून हे नाव पडलं. मराठीत याला रुळलेला शब्द नाही, म्हणून इथे नुसतं ‘टोक’ म्हणू.

मुलगी सिनियर सेकंडरीच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे साधारण आपल्या बारावीला. त्या वर्षी जीवशास्त्रात परिवर्तन आणि आनुवंशिकता हे भाग असतात. पश्चिम आफ्रिकेच्या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात त्यासाठी उंची, वजन, रंग, बोटांचे ठसे, जीभ वळवता येणं, पीटीसी नावाच्या कडू रसायनाची चव लागणं आणि रक्तगट एवढी उदाहरणं दिली आहेत. बाईंनी वर्ग रंगावा म्हणून त्यात भर घातली. कॉलेजातल्या जुन्या वहीतून त्यांनी एक फॉर्म काढला: कानाची पाळी सुटी की चिकटलेली, जीभ नळीसारखी वळते का, गालाला खळी पडते का, अंगठा मागे वाकतो का, बोटात बोटं गुंफली की कुठला अंगठा वर येतो, कपाळावर टोक आहे का. प्रत्येक ओळीपुढे ‘प्रभावी’ (एकाच पालकाकडून जनुक आलं तरी दिसणारं) किंवा ‘अप्रभावी’ (दोघांकडून आलं तरच दिसणारं) असं छापलेलं. घरच्या सगळ्यांचं बघून भरून आणायचं, एवढाच गृहपाठ.

अशा याद्या दक्षिण नायजेरियातल्या शरीररचनाशास्त्राच्या विभागांत नेहमी दिसतात. प्रयोगशाळा लागत नाही, रसायनं लागत नाहीत, रक्त काढावं लागत नाही. पेन आणि कागद असला की पदवीचा प्रकल्प उभा राहतो. उर्होबो, इसोको, इत्सेकिरी असे शेजारी समाज घ्यायचे आणि कोणात काय जास्त दिसतं ते मोजायचं. काम प्रामाणिकपणे होतं. पण यादीतला ‘प्रभावी’ हा शब्द कुठून आला, हे फारसं कोणी विचारत नाही.

घरात काय झालं

मुलीने फॉर्म भरला. टोकाच्या ओळीत वडील ‘नाही’, आई ‘नाही’, स्वतः ‘नाही’, मधला भाऊ ‘नाही’, धाकटा ‘आहे’. फॉर्मच्या तळाशी एक वाक्य होतं: टोक हे प्रभावी लक्षण आहे, दोन्ही पालकांना नसेल तर मुलाला येऊ शकत नाही. मुलीने त्याखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद जेवणाच्या टेबलावर तसाच ठेवला. तो वडिलांनी वाचला.

दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोच्या हातचं जेवणं सोडलं, आणि त्यावरून त्यांच्या थोरल्या भावाला काय ते कळलं.

जेवण सोडण्याचा अर्थ समजल्याशिवाय या प्रकरणाचं वजन कळत नाही. उर्होबोंमध्ये एरिव्विन म्हणजे पितरांचं जग, आणि त्या पितरांचा धाक. लग्नात मुलगी नवऱ्याच्या पितरांच्या स्वाधीन केली जाते. तिने व्यभिचार केला तर एरिव्विन शिक्षा करतं. आजारपण येतं, ते मुलांवरही येऊ शकतं, अशी श्रद्धा आहे. नवऱ्याला कळूनही तो गप्प राहिला आणि तिच्या हातचं खात राहिला, तर दोष त्यालाही लागतो. सुटका हवी तर कबुली आणि शुद्धीचे विधी करावे लागतात. म्हणजे घरात नुसती चिडचिड चालली होती असं नाही. त्या माणसाने ताट बाजूला सारलं तेव्हाच आरोप झाला होता, तोंडाने काही न बोलता. पुढच्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांची बैठक ठरली.

मुलीने शाळेत बाईंना रडत रडत सांगितलं. बाई घाबरल्या आणि त्यांच्या जुन्या अधिव्याख्यात्या बाईंकडे गेल्या. या त्याच भागातल्या एका विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवतात. यापुढे त्यांना आपण ‘डॉक्टर’ म्हणू, कारण घरचे त्यांना तसंच म्हणत.

कागद एवढा खरा का वाटला

एका फोटोकॉपीवर बापाने एवढा विश्वास का ठेवला, हा प्रश्न डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारला. उत्तर नायजेरियात कुणालाही माहीत असतं. तिथे लग्न ठरवताना ‘जीनोटाइप’, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक आहे का, ते विचारतात: एए (नाही), एएस (वाहक) की एसएस (आजारी). देशात साधारण चौघांतला एक जण सिकलसेलचा वाहक आहे. दोघेही एएस असतील तर प्रत्येक खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, हे दाखवणारा आईबापाच्या जनुकांचा चौकोन चर्चमध्ये, दवाखान्यात, शाळेत सगळीकडे शिकवला जातो. तो चौकोन खरा ठरतो, कारण सिकलसेल एकाच जनुकातल्या एकाच बदलाने होतो. नंदुरबार-गडचिरोलीकडे ज्यांच्या घरी सिकलसेलची तपासणी झाली आहे त्यांनाही तो चौकोन नवा नाही.

त्या बापाच्या घरातही एक एएस होता. चौकोनावर भरवसा ठेवून त्याने लग्न केलं होतं आणि त्यात त्याचं भलंच झालं होतं. टोकाचा तक्ता त्याच चौकोनाच्या भाषेत लिहिलेला, म्हणून त्याने तोही तितकाच खरा मानला. याला भोळेपणा म्हणणं बरोबर नाही. बरोबर शिकलेली गोष्ट त्याने चुकीच्या जागी लावली, आणि ती जागा त्याला शाळेनेच दाखवली.

खरं काय आहे? कपाळावरची हेअरलाइन एका जनुकाने ठरते याला भक्कम पुरावा नाही. कुटुंबात ती वारशाने येते हे दिसतं. पण टोक म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, की चालू नाहीतर बंद. सपाट रेषेपासून खोल टोकापर्यंत मधल्या सगळ्या पायऱ्या माणसांत सापडतात. गर्भात डोळ्यांभोवतीच्या भागात केसांची वाढ दाबली जाते, दोन्ही बाजूंची ही क्षेत्रं कपाळावर मध्ये नीट मिळाली नाहीत की तिथे केसांची जीभ राहते, असं स्पष्टीकरण 1973 मध्ये स्मिथ आणि कोहेन यांनी मांडलं. डोळे एकमेकांपासून फार दूर असलेल्या काही जन्मजात विकारांत टोक का दिसतं, तेही त्यातून समजतं.

जिभेची गोष्ट याहून बोलकी आहे. जीभ वळवता येणं प्रभावी लक्षण आहे असं 1940 मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी लिहिलं. 1952 मध्ये मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या, त्यांतल्या 7 जोड्यांत एकाची जीभ वळत होती आणि दुसऱ्याची नाही. 1965 मध्ये स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच लिहिलं की हे उदाहरण अजून पुस्तकांत पाहून संकोच वाटतो. पुस्तकांतून ते तरीही गेलं नाही.

समोरचे पर्याय

बैठकीला पाच दिवस होते. डॉक्टर आणि बाई यांच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली, काहीच न करणं. घरचा मामला घरात मिटेल असं मुख्याध्यापकांचं मत पडलं. डॉक्टरांनी ते लगेच बाजूला ठेवलं: कागद शाळेने दिला होता, तो मागे घेणंही शाळेचंच काम.

दुसरी, थेट डीएनए तपासणी. थोरल्या दिरांचा आग्रह याचाच होता, आणि तपासणी म्हणून तिच्यात काही खोट नाही. बाप आणि मुलाच्या गालातून कापसाच्या काडीने पेशी घेतात, आईच्याही घेतल्या तर उत्तम. पंधरा-वीस किंवा जास्त जागांवरचे डीएनएचे लहान पुनरावृत्त तुकडे जुळवतात. दोन-तीन जागा न जुळल्या की पितृत्व नाकारलं जातं, सगळ्या जुळल्या की शक्यता 99.9 टक्क्यांच्या वर जाते. अडचण तपासणीत नव्हती, ती करण्याच्या कारणात होती. तक्ता चुकीचा असेल तर संशयाला पायाच नाही. बिनबुडाच्या संशयावर तपासणी केली की निकाल काहीही आला तरी ‘हिची तपासणी करावी लागली’ हे घरात कायमचं राहतं. आईने तेच सांगितलं: “करा. मी भीत नाही. पण त्यानंतर मी या घरात कोण म्हणून राहू?” शिवाय 7 वर्षांच्या मुलाला हे विचारणार कसं? आणि एका मुलावर थांबेल याची हमी कोण देणार?

कायद्यानेही अशी घाई मागितलेली नाही. नायजेरियाच्या 2011 च्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम 165 सांगतं की वैध लग्न चालू असताना, किंवा ते संपल्यापासून 280 दिवसांत आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना झालेलं मूल त्या नवऱ्याचंच धरावं. वकिलीशी संबंध असलेल्या मराठी वाचकाला हे आकडे ओळखीचे वाटतील. आपल्या 1872 च्या कायद्याच्या कलम 112 मध्ये हेच 280 दिवस होते, 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 116 झालं आहे. दोन्हीकडे हा वारसा इंग्रजी कायद्याचा.

तिसरी वाट म्हणजे बैठकीच्या आधी बाईंनी स्वतः घरी जाऊन चूक कबूल करणं. चौथी, सगळ्या घराच्या हेअरलाइन नीट तपासणं. तिसरी नक्की करायची, यावर दोघींचं एकमत होतं. चौथीवर डॉक्टर अडल्या होत्या. टोकावरून पितृत्व ठरत नाही असं सांगायचं आणि मग टोकंच मोजायला बसायचं, याचा मेळ कसा घालणार?

काय केलं

बुधवारी संध्याकाळी दोघी गेल्या. आधी घरातल्या ओक्पाकोंकडे, म्हणजे सगळ्यात वडील माणसाकडे. बाईंनी गुडघे टेकून ‘मिग्वो’ म्हटलं, त्यांनी ‘व्रेन्दो’ म्हणून उठवलं. हा रिवाज पाळणं फार महत्त्वाचं ठरलं. शाळेची माणसं थेट बापाशी वाद घालायला गेली असती तर बोलणं पहिल्याच मिनिटाला तुटलं असतं.

बाई म्हणाल्या की फॉर्म त्यांचा, चूक त्यांची, मुलीने फक्त सांगितलं तसं भरलं. एरिव्विनबद्दल दोघी एक शब्दही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी हे आधीच ठरवलं होतं: श्रद्धा खरी की खोटी यात शिरायचं नाही, आरोपाचा आधार खरा की खोटा एवढंच बोलायचं. ओक्पाकोंनी विचारलं ते नेमकं होतं: “आधार खोटा असेल, तर बैठक कशाची?” बैठक महिनाभर पुढे गेली. बापाने जेवण मात्र सुरू केलं नाही.

मग थोरले दीर म्हणाले, “तुमच्याकडे पुस्तकं आहेत, आमच्याकडे डोळे. बघा आणि सांगा.” घरातल्या कुणालाच न पाहता नुसतं पुस्तक सांगून परत गेलं तर कोणाला पटणार नाही, हे दिसत होतं. डॉक्टर तपासायला तयार झाल्या. या निर्णयाकडे शेवटी परत येऊ.

आधी मुलगा. खोल टोक दिसलं की एक वैद्यकीय प्रश्न विचारावाच लागतो: हे एखाद्या विकाराचा भाग तर नाही? आरस्कोग सिंड्रोम, डोनाय-बॅरो सिंड्रोम, क्रेनियोफ्रंटोनेझल डिस्प्लेझिया अशा दुर्मीळ विकारांत टोक आणि एकमेकांपासून दूर असलेले डोळे एकत्र दिसतात. डॉक्टरांनी दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर मोजलं. ढोबळमानाने ते एका डोळ्याच्या रुंदीएवढं असावं. उंची, ऐकणं, बोलणं, टाळू, बोटं, बेंबी पाहिली. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे युरोपीय मुलांचे तक्ते वापरणं. नाकाचा पूल रुंद आणि सपाट असलेल्या चेहऱ्यावर त्या तक्त्याने डोळे उगाच ‘दूर’ ठरतात. म्हणून तुलना सख्ख्या भावंडांशी आणि आईबापाशी केली. मुलगा ठणठणीत होता, पुढे पाठवायची गरज नव्हती.

मग घरातली डोकी. पहिल्याच नजरेत दोन फसवणुकी समोर आल्या.

आईच्या कपाळावर लांबून टोक दिसत होतं. दीर लगेच म्हणाले, “हिचं आहे की!” पण ते टोक नव्हतं. वीस वर्षं डोक्याला चिकटून घट्ट बारीक वेण्या घातलेल्या, त्यात जड गंगावन गुंफलेलं. ओढ बसून दोन्ही कानशिलांवरचे केस गेले होते, आणि बाजू मागे सरकल्याने मधला भाग पुढे आल्यासारखा दिसत होता. याला ओढीचं टक्कल म्हणतात. ओळखण्याची खूण म्हणजे उजेडात तिरकं पाहिलं की टकलाच्या पुढे, जुन्या सीमेवर, बारीक आखूड केसांची एक झालर उरलेली दिसते. त्या झालरीवरून आईची मूळ रेषा जवळपास सपाट होती असं दिसलं. तरी डॉक्टरांनी तिच्यापुढे ‘नाही’ लिहिलं नाही, ‘मोजता येत नाही’ लिहिलं. फॉर्मला हा तिसरा रकानाच नव्हता.

बापाचं उलट. दर दहा दिवसांनी न्हावी मशिनने केस बारीक करायचा आणि रेझरने कपाळाची लाइन सरळ कोरून द्यायचा. नायजेरियात पुरुषांमध्ये ही पद्धत सर्रास आहे. म्हणजे जी सपाट रेषा पाहून मुलीने ‘नाही’ लिहिलं ती न्हाव्याने काढलेली होती. धाकट्याचे केस आई घरीच कात्रीने कापायची, म्हणून त्याचं टोक शाबूत राहिलं.

डॉक्टरांनी बापाला तीन आठवडे न्हाव्याकडे जाऊ नका म्हणून सांगितलं. आफ्रिकी केस दिवसाला साधारण पाव मिलिमीटर वाढतात, म्हणजे तीन आठवड्यांत जेमतेम 5 मिलिमीटर. कुरळे असल्याने दिसतात त्याहूनही आखूड, पण सीमा कळायला तेवढे पुरतात.

मोजणी अशी केली. माणूस खुर्चीत ताठ बसलेला, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत. मान खाली गेली तर टोक लांब दिसतं, वर गेली तर आखूड. केस ओले करून मागे दाबलेले. दोन्ही बाहुल्यांच्या सरळ वर हेअरलाइनवर काजळ पेन्सिलीची एकेक खूण. दोन्ही खुणांवर पारदर्शक पट्टी आडवी ठेवायची आणि टोकाचा सगळ्यात खालचा, दाट केसांचा बिंदू त्या रेषेखाली किती मिलिमीटर आहे ते मोजायचं. मऊ लव धरायची नाही. फोटो डोळ्यांच्या उंचीवरून, दीड मीटर लांबून, थोडा झूम करून. मोबाइल जवळ नेला की कपाळ फुगतं. डॉक्टरांनी एकदा मोजलं, त्यांच्या सहायकाने आकडा न बघता वेगळं मोजलं.

मिलिमीटरमध्ये, आधी डॉक्टरांचा आकडा आणि मग सहायकाचा: धाकटा 11 आणि 12. मुलगी 2 आणि 3. मधला मुलगा 3 आणि 2. बाप 6 आणि 4.

सगळ्यात अवघड क्षण

बापाने आरशात पाहिलं. टोक होतं. लहान, पण होतं. खोलीतली सगळी माणसं एकदम बोलायला लागली. दीर हसले. ‘बापाला आहे, मुलाला आहे, झालं!’

डॉक्टरांनी तिथे मान डोलावली असती तर प्रकरण त्या क्षणी संपलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं, आईलाही. पण तसं करणं म्हणजे त्याच खोट्या तक्त्यावर पुन्हा शिक्का मारणं होतं. टोक जुळल्याने तो बाप ठरत असेल, तर न जुळणाऱ्या दोन मुलांचं काय? उद्या दुसऱ्या घरात बापाची रेषा खरोखरच सपाट निघाली तर? आणि 6 हा आकडा तरी किती पक्का? ‘5 मिलिमीटरच्या वर म्हणजे टोक’ असं धरलं तर डॉक्टरांच्या मोजणीत बापाला टोक आहे आणि सहायकाच्या मोजणीत नाही. बापाचं बापपण दोन माणसांच्या पट्टीतल्या 2 मिलिमीटरवर टांगायचं का?

त्यांनी हेच सांगितलं. दोन्ही आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले, मध्ये 5 वर रेघ मारली आणि विचारलं, “माझ्या हातात पट्टी असेल तर हा मुलगा तुमचा, त्याच्या हातात असेल तर नाही, असं चालेल?” ओक्पाको म्हणाले, “नाही चालणार.” मग जिभेची गोष्ट सांगितली, एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांची. उर्होबो घरात जुळी ओळखीची असतात, ते उदाहरण पोचलं. शेवटी त्या म्हणाल्या की इतकं ऐकूनही बापाला डीएनए हवा असेल तर तो त्याचा निर्णय; मात्र आईच्या संमतीने, ओळखपत्रं दाखवून आणि मुलाला काही कळू न देता. टोक मात्र त्याला कारण नाही.

बापाने तपासणी मागितली नाही. त्या रात्री तो बायकोच्या हातचं जेवला.

निकाल

बैठक झालीच नाही. मुलीच्या मनात आपणच घर मोडत होतो असं बसलं होतं. बाईंनी वर्गात, तिचं नाव न घेता, फॉर्म चुकीचा होता असं सांगितलं आणि सगळ्यांचे फॉर्म परत घेऊन फाडले. आईला डॉक्टरांनी सैल वेण्या, हलकं गंगावन आणि मध्ये काही आठवडे मोकळे केस असा सल्ला दिला. ओढीचं टक्कल लवकर थांबवलं तर केस परततात, बरीच वर्षं झाली आणि मुळं मेली की नाही. कानशिलांवर थोडी लव आली, सगळे आले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक फॉर्मची. शाळेत घरच्यांची लक्षणं भरून आणायला सांगू नये. जीभ असो, खळी असो, टोक असो. यातलं काहीच आईबापाचा हिशेब मांडण्याइतकं साधं नाही, आणि प्रत्येक वर्गात दत्तक, सावत्र, नातेवाइकांकडे वाढणारी मुलं असतातच. रक्तगटाचे नियम पक्के आहेत, पण म्हणूनच तोही घरून मागवू नये. परिवर्तन शिकवायला वर्गातलीच मुलं पुरतात: सगळ्यांची उंची मोजून आलेख काढा, अंगठ्याचे ठसे शाईने घेऊन शंख-चक्र-कमान मोजा. आईबाप मध्ये येतच नाहीत. बाईंनी पुढच्या सत्रात हेच केलं.

दुसरी गोष्ट समाजाची मोजणी करणाऱ्यांसाठी. उर्होबोंत टोक किती टक्के, असा प्रश्न विचारायला हरकत नाही. पण खोली मिलिमीटरमध्ये लिहा, ‘मोजता येत नाही’ हा रकाना ठेवा, वय, वेण्या, रिलॅक्सर (केस सरळ करणारं रसायन), विगचा गोंद, न्हाव्याची लाइन, पुरुषांत टक्कल पडायला लागलं का, हे सगळं विचारा, आणि दोघांनी मोजा. ‘आहे-नाही’च्या आकड्यावरून जनुकांची वारंवारता काढू नका. समजा शंभरांत 36 जणांना टोक दिसलं. मग अप्रभावी 64 टक्के, त्याचं वर्गमूळ 0.8, म्हणून प्रभावी जनुक 0.2, असं उत्तर छान येतं. पण शंभरांत 36 जणांनी निळा शर्ट घातला असता तरी हेच उत्तर आलं असतं. गणिताने प्रभावी असणं सिद्ध होत नाही, ते आधीच धरलेलं असतं. आणि 5 ची रेघ 8 वर नेली की 36 चे 20 होतात की 30, हेही मोजणाऱ्याच्या हातात राहतं.

तिसरी गोष्ट डॉक्टरांच्या निर्णयाची, आणि इथे आमचं त्यांच्याशी पूर्ण जमत नाही. मुलाची वैद्यकीय तपासणी योग्यच होती. पण बापाला तीन आठवडे केस वाढवायला सांगायचं कारण नव्हतं. ‘टोकावरून ठरत नाही’ हे आधी पूर्ण पटवून, ओक्पाकोंकडून ते वदवून घेऊन, मगच पट्टी काढायला हवी होती. किंवा काढायलाच नको होती. त्यांनी क्रम उलटा घेतला. बापाला टोक निघालं हे नशीब. न निघतं, तर त्याच खोलीत, तेवढ्याच लोकांसमोर, तेच शब्द कोणाच्या कानात शिरले असते का, याची आम्हाला खात्री नाही. त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे: तपासायला नकार दिला असता तर ‘डॉक्टर काहीतरी लपवतात’ असं झालं असतं आणि आई एकटी पडली असती. पाच दिवसांत, रागावलेल्या घरात, हे सगळं नीट मांडायला जागा किती होती, हे बाहेर बसून सांगणं सोपं आहे.

काही महिन्यांनी बाई त्या दुकानावरून गेल्या. वेल्डिंगचा चश्मा कपाळावर सरकवलेला होता. न्हाव्याने केस नेहमीसारखे बारीक केले होते, बाजूच्या लाइनी कोरल्या होत्या. मधलं लहानसं टोक मात्र त्याने आता तसंच ठेवलं होतं.